श्पायर पायी कसे पाहावे

जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या श्पायर शहरात थेट कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, गाठण्याऐवजी आल्टपोर्टेल या 55 मीटर उंचीच्या जुन्या वेशीपासून चालायला सुरुवात करावी, कारण तेथून पूर्वेकडे सरळ जाणाऱ्या रुंद रस्त्याच्या टोकाला कॅथेड्रल पावलागणिक मोठे होताना दिसते. कॅथेड्रलच्या दारासमोर दगडी वाडगा आहे. बिशपची हद्द तेथून सुरू होत असे, आणि नवा बिशप आला की तो वाडगा वाइनने भरून नगरवासीयांना पाजत असे.

सम्राट कॉनराड दुसरा याने 1030 च्या सुमारास कॅथेड्रलचे काम सुरू केले. आत शिरल्यावर प्रथम तळघरात उतरावे; 1041 मध्ये अभिषिक्त झालेला हा भाग मला साऱ्या इमारतीत श्रेष्ठ वाटतो. तांबड्या आणि पिवळसर वालुकाश्माच्या आलटून पालटून रचलेल्या कमानींवर हात टेकता येईल इतक्या जवळून गवंड्यांचे काम पाहता येते. वर आल्यावर मात्र सगळेच जुने समजू नये, कारण 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने लावलेल्या आगीनंतर मुख्य दालनाचा पश्चिम भाग अठराव्या शतकात पुन्हा उभारला गेला, तर आजचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातला आहे.

त्यानंतर जवळच्या यहुदी वस्तीतील बाराव्या शतकातले स्नानकुंड आवर्जून पाहावे. त्यात भूजल असल्याने पायऱ्या सुमारे 10 मीटर खोल जातात, म्हणून पकड असलेली पादत्राणे घालावीत.