क्रूझला निघालेल्या मामींना सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो

गेल्या रविवारी मामा-मामी जुईनगरहून आमच्याकडे नेरूळला जेवायला आले होते. बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालंय, दोघंही खुशीत. मामींनी पर्समधून सॅनिटायझरच्या तीन बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. "बघ, माझी तयारी झाली." मी उठून बेसिनवरची साबणाची वडी आणली आणि त्या बाटल्यांशेजारी ठेवली.

नऊ वर्षं मी क्रूझवर केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्यांची साफसफाई बघणारा होतो, बहुतेक काळ अमेरिकेच्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर. उलट्या-जुलाबांची साथ आली की आमच्याकडे 'कोड रेड', म्हणजे साथीच्या वेळची कडक साफसफाई, लागायचा आणि पुढचे कितीतरी दिवस हाताला क्लोरीनचा वास राहायचा. त्या अनुभवावरून सांगतो, सॅनिटायझर जरूर न्या, पण त्याच्या भरवशावर जेवायला बसू नका.

जहाजावरच्या साथींमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. 1968 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, नॉरवॉक गावच्या एका शाळेत साथ आली होती, त्या गावावरून हे नाव पडलं. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण नसतं. अल्कोहोल ते आवरणच फोडतं, म्हणून सॅनिटायझर इथे तोकडं पडतं. साबण-पाण्याने चोळलं की विषाणू हातावरून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. आजारी पडायला त्याचे मोजके कण पुरतात. लागण झाल्यावर 12 ते 48 तासांत त्रास सुरू होतो आणि एक ते तीन दिवस चालतो.

म्हणून जहाज म्हणजे रोगाचं घर, असं मात्र समजू नका. अमेरिकेत नोंद होणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जेमतेम 1 टक्का जहाजांवरच्या असतात. जहाजाची बातमी होते, कारण तिथे प्रत्येक रुग्ण मोजला जातो. जहाजांच्या स्वच्छतेची अमेरिकेची सरकारी तपासणी, जिला आम्ही खलाशी मंडळी 'यूएसपीएच' म्हणायचो, 1970 च्या दशकापासून चालू आहे. तिच्यात 100 पैकी 85 किंवा कमी गुण मिळाले की जहाज नापास. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी 3 टक्के लोकांनी त्रासाची तक्रार केली की त्या फेरीचं नाव जाहीर होतं.

आता हात धुण्याबद्दल, कारण आपण हाताने जेवतो. काट्या-चमच्याने खाणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त जपायला हवं. मामी म्हणाल्या, "अरे, मी खोलीतून हात धुऊनच निघेन." पण खोलीतून निघाल्यावर दाराची कडी, लिफ्टचं बटण, जिन्याचा कठडा, बुफेतल्या डावाचा दांडा, खुर्चीची पाठ, एवढ्याला हात लागतो. त्या डावाला तुमच्याआधी दोनशे जणांनी हात लावलेला असतो. म्हणून ताट वाढून घ्या, टेबलावर ठेवा, एकाला राखणीला बसवा आणि मग जाऊन हात धुवा. परत आल्यावर थेट घास. मध्ये मोबाईलवर ताटाचा फोटो काढलात तर परत बेसिनकडे जा.

धुण्याची रीतही बघा. बांगड्या कोपराकडे सरकवा, अंगठी काढा. मामींची अंगठी मी काढायला लावली, तर खाली सकाळच्या कणकेची पांढरी रेघ होती. रोज चार वेळा हात धुणाऱ्या बाई आहेत त्या. जिथे कणीक राहते तिथे विषाणूही राहतो. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, नखांच्या खाली, सगळं धरून 20 सेकंद. नळ आणि स्वच्छतागृहाचं दार कागदी रुमालाने धरा. फ्लश करण्याआधी कमोडचं झाकण लावा.

बुफेत एक गोष्ट ओळखायला शिका. काल स्वतः वाढून घेत होतात आणि आज अचानक कर्मचारी वाढून द्यायला लागले, टेबलावरची मीठ-मिरीची भांडी, बडीशेपेची उघडी वाटी दिसेनाशी झाली, तर साथीची चाहूल लागली असं समजा. अशा वेळी कर्मचाऱ्याशी वाद घालू नका, त्याला वाढू द्या. नळाच्या पाण्यावर जहाजात क्लोरीनची देखरेख असते, त्याची फार चिंता नको. बंदरात उतरल्यावर मात्र कापलेली फळं आणि गोळा-सरबत टाळा.

शेजारच्या टेबलावर कुणी ओकलं तर लगेच लांब जा आणि कर्मचाऱ्याला बोलवा. उलटीचे बारीक थेंब हवेत उडतात. आपल्या रुमालाने पुसायला जाऊ नका.

आणि त्रास झाला, तर लपवू नका. हे मी मामींना तीनदा सांगितलं. एका फेरीत माझ्या सेक्शनमधल्या एका काकांनी मला सांगितलं, गालिच्यावर ज्यूस सांडलाय. मी तो साध्या फडक्याने पुसला. ती उलटी होती. दुसऱ्या रात्री मी स्वतः बाथरूमच्या फरशीवर बसून होतो, आणि मधल्या वेळात मी पंधरा केबिनच्या चादरी बदलल्या होत्या. काका वाईट नव्हते. खोलीत बंद करतील आणि बायकोची सहल वाया जाईल, ही भीती त्यांना वाटली. त्यांनी खरं सांगितलं असतं तर मी हातमोजे घातले असते, चादरी लाल पिशवीत वेगळ्या गेल्या असत्या आणि गालिच्याला वेगळं औषध लागलं असतं.

खरं सांगितल्यावर काय होतं, तेही ऐका. जहाजावरच्या दवाखान्यात फोन करायचा, गेल्या तीन दिवसांत काय खाल्लं ते विचारतात, जेवण खोलीत येतं. त्रास थांबल्यानंतर साधारण 24 तास खोलीतच राहायला सांगतात. चढतानाच्या आरोग्याच्या फॉर्मवरही खरंच लिहा.

सामानात ओआरएसची पाकिटं ठेवा आणि पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते वाचा. मोठं पाकीट 1 लिटरचं असतं, पाण्याची लिटरची बाटली हेच माप. गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून दर काही मिनिटांनी एकेक घोट. मामा म्हणाले, "त्यापेक्षा सरळ सलाईन लावलेलं बरं." मी त्यांना 1971 ची गोष्ट सांगितली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आलं. जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. अँटिबायोटिकचा या विषाणूवर उपयोग नाही. लघवी सहा-आठ तास झाली नाही, शौचात रक्त दिसलं, जोराचा ताप आला किंवा माणूस गुंगीत गेला, तर लगेच डॉक्टर. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालू ठेवायच्या का, हेही त्यांनाच विचारा.

घरी आल्यावर कुणाला त्रास झाला तर आधी उलटी-जुलाब कागदाने टिपून तो कागद पिशवीत बांधून टाका. मग 1 लिटर पाण्यात 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 100 मिली मिसळून जागा ओली करा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. हातमोजे घाला, खिडकी उघडा, आणि त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. कपडे झटकू नका, गरम पाण्यात वेगळे धुवा.

बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त दिवस शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो, म्हणून साबण चालूच ठेवा. जुलाब थांबल्यावर निदान दोन दिवस दुसऱ्यासाठी स्वयंपाक करू नका. इथे मामी अडल्या. "मग ह्यांना जेवायला कोण घालणार?" म्हटलं, डबा मी आणून देईन. नेरूळ ते जुईनगर एकच तर स्टेशन आहे.