आगोटीपासून आंब्यापर्यंत : लहान गावातील वाचनालयाचे वर्ष कसे आखावे

लहान गावातील सार्वजनिक वाचनालयाचे वर्षभराचे उपक्रम आखायला बसले की पहिला हात शासनाच्या परिपत्रकाकडे जातो. त्यातले दिनविशेष पाळलेच पाहिजेत, कारण महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेल्या वाचनालयाला वार्षिक अहवालात त्यांची नोंद द्यावी लागते. मात्र कोकण किनाऱ्यावरच्या गावात माणसे केव्हा मोकळी असतात, केव्हा प्रत्येक घरात दहा पाहुणे असतात आणि केव्हा बाजारपेठेत चिटपाखरूही नसते, हे परिपत्रकात लिहिलेले नसते. म्हणून आम्ही आधी गावाचे वर्ष लिहून काढतो आणि मगच त्यात वाचनालयाचे कार्यक्रम बसवतो. तीच पद्धत येथे सांगत आहे.

एक मोठा पुठ्ठा घ्यावा आणि त्यावर बारा रकाने आखावेत. त्यात सर्वप्रथम वाचनालयाशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टी लिहाव्यात : घरोघरी आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची साठवण, केव्हा सुरू होते, मासेमारी बंदी केव्हापासून आहे, लावणी आणि कापणी साधारण कोणत्या आठवड्यांत येते, गणपती किती दिवसांचे आहेत, ग्रामदेवतेची जत्रा आणि शिमग्याची पालखी कोणत्या तिथीला आहे, शाळांच्या परीक्षा केव्हा आहेत. हे काम कार्यवाहांनी एकट्याने करू नये. वाचनालयाचे शिपाई, एखादे शिक्षक, बंदरावरचे एखादे तांडेल (मासेमारी नौकेचे प्रमुख) आणि शेती करणारे एक-दोन सभासद यांना चहाला बोलावले की तासाभरात पुठ्ठा भरतो. ज्या रकान्यांत मोकळी जागा उरते, तिथेच आपले कार्यक्रम. एका वर्षी आम्ही नव्या बालविभागाचे उद्घाटन गौरी-विसर्जनाच्या दिवशी सायंकाळी ठेवले होते. पाहुण्यांना ती तारीख सोयीची होती. गावाला ती शक्यच नव्हती. मांडलेल्या खुर्च्या तशाच उचलून ठेवाव्या लागल्या, आणि तेव्हापासून पुठ्ठा आधी, पाहुणे नंतर, हा क्रम आम्ही कधीही बदललेला नाही.

पुठ्ठा तयार झाला की वर्षातून चार वेळा एक पानी वार्तापत्रक काढावे : मे अखेरीस, गणपतीपूर्वी, दिवाळीपूर्वी आणि शिमग्यानंतर. पान एकच असावे आणि अक्षर ज्येष्ठांना चष्मा न शोधता वाचता येईल इतके मोठे असावे. त्यात वाचनालयाची बदललेली वेळ, येणाऱ्या दोन-तीन कार्यक्रमांच्या तारखा, पाच नवी पुस्तके आणि वाचकांकडून हवी असलेली एखादी गोष्ट, इतकेच द्यावे. नव्या साठ पुस्तकांची यादी कोणी वाचत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्याऐवजी पाचच पुस्तके निवडून प्रत्येकापुढे ‘मातीच्या घराची दुरुस्ती करू इच्छिणाऱ्यांसाठी’ किंवा ‘दहावीनंतर काय करावे या विचारात असलेल्या मुलांसाठी’ असे एक वाक्य लिहिले, तर त्या पुस्तकांची देवघेव आठवड्याच्या आत सुरू होते. पत्रक वाचनालयाच्या फलकावर लावणे पुरेसे नाही, कारण तिथे ते फक्त आधीच येणारे वाचक पाहतात. पिठाची गिरणी, एस.टी. स्थानक, दवाखाना, रेशन दुकान आणि मच्छीमार सोसायटीचे कार्यालय या जागी माणसे थांबलेली असतात आणि थांबलेला माणूस भिंतीवरचे वाचतो. पावसाळ्यात पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून चारही बाजू चिकटवूनच लावावे. व्हॉट्सॲपवर ते मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना पाठवावे. त्यांना गावाची बातमी हवी असते आणि गणपतीत येताना ते ती लक्षात ठेवून येतात.

आता पावसाळ्याकडे. घरात आगोट भरतात तशी वाचनालयाचीही आगोट असते आणि ती मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकलेली असावी. कौले परतून घ्यावीत, पन्हळी साफ करून घ्याव्यात, पडवीला झावळ्यांचे झाप किंवा ताडपत्री बांधून घ्यावी. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत, कारण ओल भिंतीतून येते आणि कपाटाची पाठ भिंतीला टेकलेली असली तर मागची रांग सर्वांत आधी जाते. सर्वांत खालचा खण चार महिने रिकामा ठेवावा. जिथे नदीचे किंवा खाडीचे पाणी चढते अशा गावांनी तर दाखल नोंदवह्या आणि जुने दुर्मिळ ग्रंथ माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच ठेवावेत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात ज्या वेगाने शिरले, तो वेग पाहिलेल्या कोणालाही याचे कारण सांगावे लागणार नाही.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हवेतील दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असतो आणि सत्तर टक्क्यांच्या पुढे कागदावर बुरशी धरू लागते, म्हणजे जून ते सप्टेंबर हा सगळा काळ धोक्याचाच. डांबराच्या गोळ्या ठेवल्या की काम झाले असे अनेक ठिकाणी मानले जाते; त्या गोळ्यांचा उपयोग झाला तर किड्यांवर होतो, बुरशी त्यांना जुमानत नाही आणि दिवसभर त्या वासात बसणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीला त्या चांगल्याही नाहीत. खरा उपाय वाऱ्याचा आहे. उघडीप मिळाली की कपाटांची दारे उघडावीत, पंखे लावावेत आणि सर आली की दारे लावून घ्यावीत; त्यासाठी एका माणसाचे लक्ष आभाळाकडे असावे लागते. पुस्तक भिजलेच तर ते उन्हात टाकू नये, कारण बांधणी वाकडी होते. ते उभे करून पाने पंख्यासारखी पसरावीत, दर वीस-पंचवीस पानांनंतर कोरा टीपकागद घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. दोन-तीन दिवसांत बुरशी सुरू होते, त्यामुळे वेळ घालवू नये. एकाच वेळी खूप पुस्तके भिजली आणि हात अपुरे पडले, तर ती एकेक प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठवण्याच्या पेटीत ठेवता येतात. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही आणि सवडीने दहा-दहा काढून वाळवता येतात. मासळीच्या व्यवसायामुळे आपल्या गावांत अशा मोठ्या पेट्या असतात, हे आपले भाग्य. चकचकीत कागदाची पुस्तके आणि अंक मात्र सर्वांत आधी हाती घ्यावेत, कारण त्यांची पाने वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात.

याच दिवसांत वाचनालयाला नवे वाचक मिळतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि एरवी पहाटे समुद्रावर जाणारी माणसे दोन महिने जमिनीवर असतात. त्यांतील पुष्कळांना वाचनालय हे आपले ठिकाण वाटत नाही, म्हणून पहिल्या वर्षी आम्हीच बंदरावर गेलो. जाळी विणायला जिथे माणसे बसतात त्या शेडमध्ये आठवड्यातून एक दिवस दुपारी चार वाजता कोणीतरी एक कथा किंवा वर्तमानपत्रातला एखादा लेख मोठ्याने वाचायचा, इतकाच कार्यक्रम. हात जाळ्यावर असतात, कान मोकळे असतात. तिसऱ्या आठवड्यात एका वयस्कर खलाशांनी वाचणाऱ्याला थांबवले. कथेतल्या होडीला लेखकाने वाऱ्याच्या ज्या बाजूने किनाऱ्याला आणले होते, त्या बाजूने ती येऊच शकत नाही, असे त्यांनी जाळ्याची सुई वाळूत टेकवून, रेघ मारून दाखवले. त्यानंतर अर्धा तास वाऱ्यांची नावे निघाली आणि ती आम्ही वहीत उतरवून घेतली. अशी वही प्रत्येक वाचनालयाने ठेवावी. हा उपक्रम सुरू करताना सभासदत्वाचा अर्ज आणि वर्गणीची पावती पहिल्या दिवशी सोबत नेऊ नये. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती आपोआप मागितली जाते.

लावणीच्या दिवसांत शेतीच्या वाड्यांतून कोणी येणार नाही, तेव्हा कार्यक्रम ठेवू नयेत. १२ ऑगस्ट हा डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे सूत्र म्हणून मांडले होते. त्या दिवशी भाषणे ठेवण्यापेक्षा, आजारपणामुळे किंवा वयामुळे येऊ न शकणाऱ्या सभासदांच्या घरी पुस्तके पोचवावीत.

गणेशोत्सवात सायंकाळ आरत्या आणि भजनांची असते, तिला हात लावू नये. सकाळी दहा ते बारा ही वेळ चाकरमान्यांची असते. पूजा झालेली असते, जेवणाला अवकाश असतो. त्या वेळात वाचनालय उघडे ठेवून टेबलावर गावाची जुनी छायाचित्रे, जुने अहवाल, शाळेच्या शतकमहोत्सवाच्या स्मरणिका मांडाव्यात. माणसे ओळखीचे चेहरे शोधतात आणि छायाचित्रामागे नावे लिहिली जातात, जी पुढच्या पिढीत कोणालाच सांगता येणार नाहीत. याच दिवसांत पुस्तकांच्या देणग्याही येतात, बहुतेकदा आंब्याच्या जुन्या लाकडी पेटीतून. देणगीदारांचे आभार मानून पेटी घ्यावी, पण ती थेट कपाटापाशी कधीही नेऊ नये. बंद घरातल्या पुस्तकांत कसर आणि वाळवी असते. पेटी बाहेरच्या पडवीत उघडून प्रत्येक पुस्तक उलगडून, झटकून पाहावे, तीन आठवडे वेगळे ठेवावे आणि मगच दाखल करावे. सगळी पुस्तके ठेवून घेण्याचे बंधन नाही, हेही पेटी घेतानाच नम्रपणे सांगावे. नंतर सांगितले तर मने दुखावतात.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळांबरोबर करावा, तो सोपा आहे. खरे काम दिवाळी अंकांचे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला आणि त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर, म्हणजे सिंधुदुर्गातल्या आजगावचे, त्यामुळे या परंपरेशी कोकणाचे नाते जवळचे आहे. आजही लहान वाचनालयात वर्षातली सर्वांत मोठी वर्दळ दिवाळी अंक योजनेचीच असते. सप्टेंबरमध्येच विक्रेत्यांकडे मागणी नोंदवावी आणि मागील वर्षी कोणते अंक किती हातांतून गेले, हे देवघेवीच्या नोंदीवरून पाहूनच यादी करावी. योजनेची वेगळी वर्गणी घ्यावी आणि ती दिवाळीपूर्वीच्या पत्रकात ठळकपणे द्यावी.

अंक हातात आला की लगेच वाचकाला देऊ नये. आपल्या खाऱ्या हवेत अंकाच्या मध्यावरच्या तारेच्या पिना दोन महिन्यांत गंजतात, त्यांचा तांबूस डाग आठ-दहा पानांवर उतरतो आणि मधली पाने सुटून येतात. म्हणून त्या पिना चाकूच्या बोथट टोकाने उचकटून काढाव्यात आणि त्याच भोकांतून दाभणाने मेण लावलेला दोरा ओवून, आतल्या बाजूला गाठ मारावी. एका अंकाला पाच मिनिटे लागतात आणि अंक मार्चपर्यंत एकसंध राहतो. मग शिक्का, योजनेचा क्रमांक आणि खाकी कागदाचे वेष्टण. मुखपृष्ठ झाकले जाते याची अनेकांना खंत वाटते, ती रास्त आहे. आम्ही मुखपृष्ठांची छायाचित्रे फलकावर क्रमांकासह लावतो आणि वाचक त्यावरूनच मागणी करतात. मुदत चार दिवसांची असावी, पंधरा दिवसांची नव्हे. जानेवारीत एका रविवारी वाचकांना बोलवावे आणि प्रत्येकाने आपल्याला आवडलेल्या एकाच लेखावर किंवा कथेवर तीन मिनिटे बोलावे. आमच्याकडे या बैठकीला व्याख्यानापेक्षा अधिक माणसे येतात, कारण इथे ऐकणाऱ्यांनीही तेच वाचलेले असते.

६ जानेवारीचा दर्पण दिन (पत्रकार दिन), १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे जत्रांच्या हंगामात येतात. रात्री दशावतार पाहून आलेला गाव सकाळच्या कार्यक्रमाला येत नाही, एवढे ध्यानात ठेवून दुपारची वेळ घ्यावी. मार्चमध्ये पुस्तकांची पडताळणी आणि परीक्षार्थींसाठी शांत अभ्यासिका, याखेरीज काही योजू नये.

मे महिना मुलांचा. मुंबईहून आलेली आणि गावातली मुले एकाच गटात घ्यावीत, वेगळी बसवू नयेत. शहरातल्या मुलांना झाडांची नावे येत नाहीत आणि गावातल्या मुलांना ती सांगायला आवडते. सकाळी आठ ते दहा, ऊन चढण्यापूर्वी, आठ दिवस पुरतात. प्रत्येक मुलाने घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारून उत्तर लिहून आणायचे : आजी, तुझ्या लहानपणी पावसाळ्यासाठी काय काय साठवायचे? ती उत्तरे मोठ्याने वाचली जातात, सुक्या सोड्यांपासून फणसाच्या आठळ्यांपर्यंत सगळे निघते. त्यांतली चार-पाच निवडून, खाली मुलांची पहिली नावे घालून, मे अखेरच्या पत्रकात छापावीत. ते पत्रक गिरणीच्या भिंतीवर लागले की त्या आज्या दळण टाकून ते वाचत उभ्या राहतात.