मुलाला धाप लागलीय: कफ अडकलाय का, हे कसं तपासायचं

धाप लागलेलं मूल आलं की लगेच स्टेथोस्कोप लावू नका. मूल आईच्या मांडीवरच राहू द्या, कपडा छातीच्या वर घ्यायला सांगा आणि लांबूनच बघा. रडताना मोजलेला श्वास उपयोगाचा नाही.

श्वास पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर तान्ह्या बाळात हमखास फसगत होते. त्याचा श्वास मध्येच थबकतो आणि मग भरभर चालतो. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद. सोबत बघा: श्वास घेताना बरगड्यांखालची बाजू आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, मूल कण्हतंय का.

आता आवाज. शांत मुलाचा श्वास आत जाताना कर्कश आवाज आला तर अडथळा वर, स्वरयंत्रापाशी. बाहेर येताना शिट्टी वाजली तर छातीतल्या नळ्या अरुंद झाल्यात. नुसती घरघर पुष्कळदा नाकातलीच असते आणि तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. म्हणून नाकात सलाइनचे एक-दोन थेंब टाका, नाक साफ करा आणि पुन्हा मोजा. ही पायरी गाळली की साध्या सर्दीचाही न्यूमोनिया होतो, कागदावर.

मग स्टेथोस्कोप, दोन्ही बाजूंना आणि काखेतही. भरड आवाज खोकल्यानंतर बदलले किंवा कमी झाले तर कफ मोठ्या नळ्यांत आहे. एकाच बाजूला हवा कमी जात असेल तर खाताना अचानक ठसका लागला होता का, ते विचारा. श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही.

लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात. त्यामुळे उलटीत काय पडलं ते आईला विचारा. खोकल्यात जोर नसेल आणि कफ घशात दिसत असेल तरच सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणं: तान्ह्याला 8 फ्रेंचची नळी (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), दाब 80 ते 100 मिमी पारा, 10 सेकंदांच्या आत. जास्त वेळ किंवा खोल घातली की ऑक्सिजन उतरतो, नाडी मंदावते.

ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली गेला तर आधी ऑक्सिजन लावा, बाकी तपासणी नंतर. दमलेल्या मुलाचा आवाज कमी झाला, श्वास मंदावला, तर ते सुधारलं असं समजू नका. छातीत हवाच जात नसेल. तापात लाळ गळत असेल आणि मूल हनुवटी पुढे काढून बसलं असेल तर त्याला आडवं करू नका, घशात चमचाही घालू नका. बसलेलं तसंच ठेवून डॉक्टरांना बोलवा.