‘द गिव्हर’ शिकवताना: आधी ती वस्ती आवडू द्या

लोइस लॉरीची ‘द गिव्हर’ (१९९३) मी आठवीला शिकवते. ही कादंबरी शिकवणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे: पहिल्याच तासाला ‘हा समाज वरून छान आणि आतून भयंकर आहे’ असं सांगून टाकू नका. कथानायक जोनस हा मुलगा ज्या काल्पनिक वस्तीत राहतो तिथे भूक नाही, भांडणं नाहीत, कुणी बेघर नाही. तिथे राहायला जावं असं मुलांना मनापासून वाटलं पाहिजे. तरच पुढे कळणारी किंमत त्यांना टोचते.

पुस्तक उघडण्याआधी चार-चार जणांचे गट करा आणि ‘कुणालाच दुःख होणार नाही’ अशा समाजाचे दहा नियम लिहायला सांगा. मग प्रत्येक नियमासमोर एक रकाना आखायचा: यासाठी कोणाला काय सोडावं लागेल? ‘कुणीही भांडायचं नाही’ या नियमापुढे एका मुलीनं लिहिलं होतं, ‘मग मला नाही म्हणता येणार नाही.’ हे कागद जपून ठेवा, तेराव्या प्रकरणानंतर परत वाटा. खाडाखोड करायची मुभा द्या, पण आधीचा मजकूर वाचता आला पाहिजे.

सुरुवातीच्या प्रकरणांत रात्रीच्या जेवणानंतर घरातले सगळे आपापल्या भावना सांगतात. तेच वर्गात करा. एकानं भावना सांगायची, बाकीच्यांनी दोन वाक्यांत समजूत घालायची आणि विषय बंद. काही दिवसांत मुलं छोट्या, सोयीच्या भावनाच आणू लागतात. तेव्हा विचारा, ‘कोणती भावना तुम्ही इथे आणली नाहीत?’ उत्तर वहीत राहू दे, मोठ्यानं वाचायला लावू नका.

कादंबरीत मुलांना बाराव्या वर्षी नेमून मिळणाऱ्या कामांसाठी मी प्रत्येकाला बंद पाकिटात एक काम देते, कारणासह. अदलाबदल नाही. इथे थट्टा अजिबात नको. वस्तीतली वडीलधारी मंडळी मुलांचं बारकाईनं निरीक्षण करतात आणि निवड बहुतेक वेळा चपखल असते, यातच खरा पेच आहे. म्हणून तुमचं निरीक्षणही प्रामाणिक हवं. नंतर मुलांनी लिहायचं: पाकिटानं माझ्यातलं काय ओळखलं, काय त्याला दिसलंच नाही?

सगळ्यात जास्त वेळ रंगांना द्या. तिसऱ्या प्रकरणात हवेत फेकलेलं सफरचंद क्षणभर ‘बदलतं’. जोनस ते भिंगाखाली धरतो, काहीच सापडत नाही. पुढे गर्दीतले चेहरे, मग त्याची मैत्रीण फियोना हिचे केस. वहीचं एक पान या जागांसाठी राखून ठेवा: पान क्रमांक, काय बदललं, आपला अंदाज. सोबत आणखी एक शोध: आतापर्यंत लेखिकेनं एखाद्या रंगाचं नाव घेतलंय का? डोळ्यांबद्दल ती फिकट की गडद एवढंच सांगते, हे मुलांच्या हळूहळू लक्षात येतं. बाराव्या प्रकरणात ‘लाल’ हा शब्द येतो आणि वस्तीतल्या लोकांना रंगच दिसत नाहीत हे कळतं, तेव्हा वर्गात उठणारा आवाज ऐकण्यासारखा असतो. त्यामुळे २०१४चा सिनेमा आधी दाखवू नका, आणि पाहिलेल्यांना गुपित राखायला सांगा.

एकोणिसाव्या प्रकरणासाठी कोणताही उपक्रम नको. वस्तीत ज्याला ‘रिलीज’ म्हणतात ते म्हणजे जीव घेणं, हे जोनस तिथे पडद्यावर पाहतो, आणि ते करणारे त्याचे वडील असतात. ते मी स्वतः सावकाश वाचून दाखवते आणि उरलेला तास मोकळा सोडते. ज्याला लिहायचंय त्यानं लिहावं. कुणाच्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल, तर त्या मुलाशी आदल्या दिवशीच एकांतात बोलून घ्या.

शेवटासाठी दोन बाजू करा: वस्ती सोडून पळालेला जोनस आणि त्यानं सोबत नेलेलं बाळ गॅब्रिएल पोहोचले की नाही? पुरावा फक्त पुस्तकातला. अकराव्या प्रकरणात जुन्या आठवणी जपणारा ‘गिव्हर’ जोनसला देतो ती बर्फावरच्या घसरगाडीची पहिली आठवण आणि तेविसावं प्रकरण शेजारी ठेवून ओळी जुळवायला लावा, शेवटच्या वाक्यातल्या ‘कदाचित’वर थांबा. मालिकेतलं तिसरं पुस्तक ‘मेसेंजर’ (२००४) हा वाद पुरता मिटेपर्यंत कपाटातच राहू दे. त्यात उत्तर आहे.