गरोदरपणात खुबा दुखतोय? आधी कूस बदलायची पद्धत बदला

माझ्या दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात रात्री कूस बदलायची म्हटलं की धडकीच भरायची, जांघेत अशी कळ निघायची की नवऱ्याला उठवावं लागायचं. घरात सगळ्यांचं एकच, "अगं, होतंच असं." होतं खरं, पण म्हणून सोसत बसू नका गं.

हार्मोन्समुळे कमरेचे सांधे सैल झालेले असतात, वरून पोटाचं वजन, त्यामुळे एका पायावर भार आला की दुखतं. म्हणून दोन्ही पाय जोडीने हलवायचे. कूस बदलताना गुडघे वाकवून जवळ घ्यायचे, गुडघ्यांमध्ये घेतलेली उशी तशीच ठेवायची आणि खांदे, कंबर, गुडघे एकदमच वळवायचे. रिक्षात आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. सलवार पलंगावर बसूनच घालायची, उभ्याने एक पाय उचलून अजिबात नाही (मला सगळ्यात जास्त आराम ह्यानेच पडला). जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मोठ्या मुलाला कडेवर घेणं बंद. आणि फिजिओला एकदा दाखवाच, कमरेला आधाराचा पट्टा लागणार असेल तर नीट बांधायला शिकवतात.

आता हाडांचं. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या 500 मिग्रॅच्या दोन गोळ्या रोज घ्यायला सांगतात, त्या बाळंतपणानंतरही 6 महिने चालू ठेवायच्या असतात. जेवणाबरोबर घ्या, आयर्नच्या गोळीबरोबर नको, मध्ये 2 तास तरी जाऊ द्या. बाळ झालं की बऱ्याच जणी गोळ्या सोडून देतात आणि नेमकं तेव्हाच अंगावर पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम जात असतं. पण घाबरून पाजणं थांबवू नका, दूध सुटल्यावर काही महिन्यांत हाडं बहुतेक भरून येतात. नाचणीची भाकरी, तीळ, दूध-दही रोज असू दे, डिंकाचे लाडूही खा, पण गोळीच्या बदल्यात नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत पाय टेकवला की जांघेत दुखतंय, रोज वाढतंय, लंगडायला होतंय, तर मालीश-व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. क्वचित खुब्याचं हाड तात्पुरतं ठिसूळ होतं आणि तेव्हा भार टाकला तर मोडू शकतं. बाळंतपणानंतर पाठीत अचानक जोराची कळ आली तरी तेच. आणि घरात पडलेली पेनकिलर विचारल्याशिवाय घेऊ नका, गरोदरपणात सगळ्या चालत नाहीत.