खरवडलेलं डांबर रस्त्याच्या पोटात घालताना

मिलिंग मशीननं जुना रस्ता खरवडला की ट्रकमध्ये पडणारा काळा माल नव्या रस्त्याच्या बेसला, म्हणजे वरच्या डांबरी थराखालच्या पायाच्या थराला, चालतो का, असं नवे सुपरवायझर मला हमखास विचारतात. चालतो. फक्त त्याला खडी समजू नका. त्यात वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के डांबर अजून शिल्लक असतं, आणि पुढच्या सगळ्या भानगडी त्या डांबराच्याच.

आधी नाक लावा. फार जुन्या थरांत कधीकधी दगडी कोळशाचं टार निघतं. त्याला डांबरगोळ्यांसारखा उग्र वास येतो, आणि त्यातले काही घटक कर्करोगाला कारण ठरतात. शंका आली तर तो ढीग वेगळा ठेवा, लॅबचा अहवाल येईपर्यंत हात लावू नका.

मग माल ४० मिलिमीटरच्या चाळणीवरून काढा. वर राहिलेली ढेकळं क्रशरमध्ये फोडा, पण बेतानं. जास्त फोडलं की नुसती कच हाती लागते. ग्रेडिंगसाठी, म्हणजे कुठल्या आकाराचे दगड किती हे बघण्यासाठी, माल आहे तसाच चाळा. डांबर काढून चाळला तर आकडे बारीक येतात, आणि बेसमध्ये तर ते दगड गठ्ठ्यानंच राहणार असतात.

ढिगाला डोक्यावर शेड असेल तर उत्तम. ताडपत्रीखाली ओल कोंडते. उन्हानं वरचा वीतभर थर आळला तर लोडरनं फोडून आत मिसळून घ्या. ढिगावर गाड्या मात्र चढवू नका, माल परत दाबून बसतो.

नुसता हाच माल घालायचा मोह होतो, कारण तो आयता असतो. मी निम्म्याच्या वर जात नाही, बाकी नवी खडी. खडीत दगड दगडाला अडतो; इथं मधे डांबराचा पापुद्रा असतो, त्यामुळे दगड वजनाखाली हळूहळू सरकत राहतात. जड गाड्या उभ्या राहतात तिथं उन्हाळ्यात हे चाकोऱ्यांच्या रूपात दिसतं. नेमकं प्रमाण तुमच्या मालाची सीबीआर चाचणी, म्हणजे थर किती भार पेलेल याची चाचणी, सांगेल.

ग्रेडरनं पसरा, दबून १५० मिलिमीटर भरेल एवढाच थर. डांबरात गुंडाळलेला दगड पाणी पीत नाही, म्हणून खडीच्या हिशेबानं टँकर ओतू नका. दबाई शक्यतो भर उन्हात करा. माल गरम असला की रोलरखाली चांगला बसतो.

आता घनतेची तपासणी. इथं मी स्वतः फसलोय. न्यूक्लिअर गेज, म्हणजे किरणोत्सर्गानं थराची घनता आणि ओलावा मोजणारं यंत्र, ओलावा भरपूर आणि कोरडी घनता (पाणी वजा जाता उरलेली) कमी दाखवत होतं. मी रोलरच्या फेऱ्या वाढवत गेलो. वरची खडी फुटून पांढरी पडली, आकडा जागचा हलेना. गेज ओलावा मोजतं ते हायड्रोजनवरून, आणि डांबरातही हायड्रोजन असतो. म्हणजे ते डांबरालाच पाणी समजून वजा करत होतं, म्हणून कोरडी घनता कमी दिसत होती. तेव्हापासून त्याच जागेचा नमुना काढून ओव्हनमध्ये ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवतो. नेहमीच्या ११० अंशांना डांबर पातळ होऊन ट्रेला चिकटतं. खरा ओलावा आणि गेजचा आकडा यांतला फरक वहीत लिहायचा आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करायचा. ढीग बदलला की ही वजावट नव्यानं काढायची.