थंडीत पाण्याखाली जाताय? खान्देशातल्या डायव्हरांनी या चुका टाळा

तारकर्लीला स्कूबा शिकलेल्याचं अंग २६-२८ अंशांच्या समुद्राला सरावलेलं असतं. तोच ३ मिमी जाडीचा सूट (निओप्रीन या स्पंजी रबराचा पोशाख) घेऊन जानेवारीत तापी-गिरणेच्या जलाशयात उतरलं, की पंधरा-वीस मिनिटांत हुडहुडी भरते. तेव्हा हे पाणी साधारण २० अंशांच्या आसपास असतं. आकडा ऐकून कुणी घाबरत नाही, पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. त्यातून होणारे घोटाळे नेहमीचेच असतात आणि बहुतेक काठावरच टाळता येतात.

पहिली चूक वेळेची. धुळे-जळगावात पारा ८ अंशांखाली गेलेला असतो आणि मंडळी सकाळी सातला सूट चढवतात. सामान जोडेपर्यंत वाऱ्यात अर्धा तास जातो, म्हणजे अंग पाण्याआधीच गारठलेलं असतं. अकराच्या उन्हात उतरा. सिलिंडर जोडून, तपासून झाल्यावरच सूट घाला.

सूट जाड असण्याइतकाच अंगाला घट्ट बसणं महत्त्वाचं आहे. सैल सुटात प्रत्येक हालचालीबरोबर गार पाणी आत येतं आणि तापलेलं बाहेर जातं. घालून उकिडवं बसा. कमरेच्या वर, पाठीच्या खळगीत कापड फुगलं तर तो सूट तुमच्या मापाचा नाही. २० अंशांना ५ मिमी आणि डोक्याला हूड, १५ च्या आसपास ७ मिमी, १० च्या खाली ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा सूट. ड्रायसूटचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तो वापरू नका.

आता वजनपट्टा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं, म्हणून सामानासह ९० किलोच्या डायव्हरला समुद्रापेक्षा सुमारे २ किलो कमी वजन लागतं. जाड सूट मात्र जास्त तरंगतो, त्याला वजन वाढवावं लागतं. हे दोन हिशेब एकमेकांविरुद्ध जातात, त्यामुळे अंदाजाने शिसं ओवणारा हमखास चुकतो. पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात सरळ उभे तरंगा, बीसीडी (हवा भरून तरंगायला लावणारं जाकीट) पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन रोखा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं की वजन बरोबर. श्वास सोडल्यावर सावकाश बुडायला हवं. ही चाचणी सिलिंडरमध्ये ५० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) असताना घ्या. भरलेल्या सिलिंडरने घेतली तर हवेच्या वजनापोटी दोनेक किलो वाढवा. खाली १० मीटरवर दाब दुप्पट होतो, निओप्रीन दबतं, सूट कमी तरंगतो आणि ऊबही कमी देतो. तिथे बीसीडीत थोडी हवा घ्या आणि वर येताना ती आठवणीने सोडत या.

पाण्यात गेल्यावर दाबाचा काटा २०० वरून १८५ बारवर आला की ‘सिलिंडर गळतोय’ अशी ओरड होते. बहुतेक वेळा गळती नसते. भरताना सिलिंडर ४५ अंशांपर्यंत तापलेला असेल, तर २० अंशांच्या पाण्यात दाब इतका उतरतोच. थंड झाल्यावर दिसणारा आकडा खरा धरा आणि हवेचं नियोजन त्यावरून करा. थंडीत श्वासही वाढतो, म्हणून परतीचा आकडा नेहमीपेक्षा वरचा ठेवा. बुडबुडे दिसले मात्र तर बाहेर या.

रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारं यंत्र) गोठण्याची भीती गिरणेत बाळगायचं कारण नाही. ती अडचण साधारण १० अंशांखाली येते. हिमालयात किंवा परदेशात जाणाऱ्यांनी मात्र सीलबंद फर्स्ट स्टेजचा (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग), म्हणजे थंड पाण्यासाठीचाच, रेग्युलेटर न्यावा. काठावरच्या गार हवेत त्यातून श्वास घेऊ नका, पर्ज बटण (माउथपीसमधून हवा जोरात सोडणारं) दाबून बघू नका, बीसीडीत हवा थोडी थोडी भरा आणि भरताना श्वास ओढू नका. तरीही हवा सुसाट सुटली तर तोंड गच्च मिटू नका. माउथपीस ओठांशी सैल धरून हवा घेत राहा, जोडीदाराला खूण करा, त्याचा ऑक्टोपस (जादा माउथपीस) घ्या, त्याला तुमचा व्हॉल्व्ह बंद करू द्या आणि दोघे मिळून सावकाश वर या. १२ लिटरचा सिलिंडर काही मिनिटांत संपतो, म्हणून ही कसरत आधी उथळ पाण्यात पक्की करून घ्या.

एकाएकी गरगरलं तर हूड बघा. एका कानात गार पाणी आधी शिरलं की तोल जातो. हूड कानापाशी किंचित ओढून दोन्हीकडे पाणी येऊ द्या.

दर पाच मिनिटांनी अंगठा करंगळीला टेकवून बघा. जमलं नाही, किंवा अंग थरथरायला लागलं, तर डाइव्ह तिथेच थांबवा. बधिर बोटांना बकल सुटत नाही.

बाहेर आल्यावर बंबातलं कढत पाणी लगेच अंगावर घेऊ नका. त्वचा एकदम तापली तर अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. दारू तर नकोच. कोरडे कपडे, कानटोपी, कोमट गोड चहा आणि पाणी घ्या. थंडीत लघवी जास्त होऊन शरीर कोरडं पडतं.

मालवणात दुपारी डाइव्ह करून त्याच रात्री घाट चढणं हा खान्देशी प्रवासाचा मोठा दोष आहे. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे आणि उंचीवर हवेचा दाब घटतो, म्हणजे नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा तोच धोका वाढतो. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास खालीच थांबा. हाच नियम धरणात डाइव्ह करून तोरणमाळला जाणाऱ्यांनाही लागू. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे. तिथल्या तलावात उतरायचंच असेल तर डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) उंचीच्या सेटिंगवर हवा.

धरणात उतरण्याआधी पाटबंधारे विभागाची परवानगी काढा आणि रब्बीचं आवर्तन कधी सुटणार ते विचारा. कालव्याच्या दरवाज्यापाशी होणारी ओढ वरून दिसत नाही आणि त्यात सापडलेला माणूस स्वतःला सोडवू शकत नाही. मासेमारीच्या जाळ्यांसाठी कटर पायाला नको, छातीवर लावा, दोन्ही हात पोहोचतील असा.